‘सेट’ आणि ‘लावणे’ : अनेकार्थाच्या मोजणीविषयी

इंग्रजी भाषेच्या समृद्धीचा दाखला म्हणून एक आकडा वारंवार पुढे केला जातो. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत प्रसिद्ध झाली. तीत ‘सेट’ या, रोमन लिपीतील अवघ्या तीन अक्षरांच्या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले असून नोंदीचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा, म्हणजे एखाद्या आटोपशीर कादंबरीएवढा आहे. हा आकडा सांगून झाल्यावर भारतीय भाषांच्या अभ्यासकांकडून बहुधा एक निःश्वास ऐकू येतो : आपल्या भाषांत असा एकही शब्द नाही. या निःश्वासाला आधार आहे की नाही, हे पाहण्यापूर्वी तो आकडा कशाचा आहे, हे पाहणे इष्ट ठरेल.

प्रथमतः तो आकडा स्थिर नाही. कोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. पुढे दुसऱ्या आवृत्तीतही विस्ताराचा पहिला मान ‘सेट’कडेच राहिला. मात्र तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी सुरू झाली आणि २००० मध्ये ‘मेक’, २००७ मध्ये ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदांनी तो मान क्रमाने हिरावून घेतला. एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेले, आणि ते काम एका संपादकास नऊ महिन्यांहून अधिक काळ पुरले. या अकरा वर्षांत इंग्रजी भाषिक ‘सेट’ कमी आणि ‘रन’ अधिक वापरू लागले, असे मुळीच घडलेले नाही. बदलली ती तपासणीची बारकाई. अर्थांची संख्या ही शब्दाच्या अंगची वस्तू नसून कोशकाराने कोठे रेघ ओढली याची नोंद असते, ही गोष्ट येथे उघड होते.

‘सेट’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो एक शब्द नाही. आज एकरूप दिसणाऱ्या या शब्दाच्या पोटात निदान दोन वेगळी कुळे नांदत आहेत. क्रियापद ‘सेट’ हे जुन्या इंग्रजीतील ‘सेत्तान’पासून आलेले असून ते ‘सित्तान’ म्हणजे ‘बसणे’ याचे प्रयोजक रूप आहे. त्याचा मूळ अर्थ सरळ आहे : बसवणे. संस्कृतातील ‘सद्’ धातू याच भारत-युरोपीय मुळाचा. ‘संसद’, ‘परिषद’, ‘उपनिषद’ हे शब्द त्या धातूचे, आणि इंग्रजीतील ‘सेशन’ लॅटिनमार्गे त्याच घराण्यातला. उलट, समूह या अर्थाचे नाम ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायीवर्ग या शब्दाकडून आले. पंथवाचक ‘सेक्ट’ हे त्याचे सख्खे भावंड. त्यामागील मूळ ‘अनुसरणे’ या अर्थाचे असून संस्कृतातील ‘सच्’ धातू, आणि त्यावरून साधलेला ‘सचिव’ हा शब्द, त्या कुळातील होय. म्हणजे राजसभेत बसणारा आणि राजामागून चालणारा असे दोघे इंग्रजीत एकाच वेषात वावरतात. इंग्रजीच्या प्रत्ययांची झीज झाल्यामुळे हे शक्य झाले. आजच्या ‘सेट’चे वर्तमानकाळ, भूतकाळ आणि धातुसाधित विशेषण हे तिन्ही एकाच रूपाचे आहेत. वाचकाला शेजारच्या शब्दांवाचून आधार नाही.

शेजारच्या शब्दांचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘सेट’च्या ४३० अर्थांपैकी पुष्कळसे अर्थ एकट्या ‘सेट’चे नाहीतच, ते ‘अप’, ‘आउट’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘असाइड’ अशा अव्ययांच्या जोडीने सिद्ध होतात. ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासास निघणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘सेट इन’ म्हणजे थंडीने वा पावसाने ठाण मांडणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, स्फोट घडवणे, रंगाला उठाव देणे आणि हिशेबात वजावट घेणे. संस्कृत परंपरेला हा प्रकार नवा नाही. ‘हृ’ या एका धातूपासून उपसर्गभेदाने प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द होतात, हे उदाहरण व्याकरणाचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो. इंग्रजीने तीच युक्ती उपसर्ग धातूच्या पाठीमागे ठेवून साधली. फरक एवढाच की ‘प्रहार’ आणि ‘आहार’ हे ‘हृ’चे दोन अर्थ आहेत असे आपण मोजत नाही, ते दोन स्वतंत्र शब्द मानतो. ‘सद्’पासून झालेले ‘प्रसाद’ आणि ‘विषाद’ एकाच नोंदीत कोंबून त्यांना अनुक्रमांक दिले, तर संस्कृत धातूंचीही अशीच छाती दडपवणारी यादी तयार होईल.

हा मोजणीचा प्रश्न केवळ कोशशास्त्रीय कुतूहलाचा नाही. ‘सेट असाइड’ हा एकच प्रयोग पाहावा. घरखर्चातून काही रक्कम ‘सेट असाइड’ केली तर ती राखून ठेवली जाते. वरिष्ठ न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय ‘सेट असाइड’ केला तर तो रद्दबातल होतो. एक राखणे, दुसरे मोडणे. ज्या देशात वरिष्ठ न्यायालयांचे निकालपत्र इंग्रजीत आणि पक्षकार आपापल्या भाषेत, तेथे या ठिकाणी ‘निर्णय बाजूला ठेवला’ असे शब्दशः भाषांतर झाले, तर हरलेला मनुष्य आपण जिंकलो असे समजून घरी जाईल, किंवा जिंकलेला मनुष्य पुढल्या तारखेची वाट पाहत बसेल. द्विभाषिक कोशात ‘सेट’समोर ‘ठेवणे, बसवणे, मांडणे, लावणे’ अशी प्रतिशब्दांची माळ असून भागत नाही.

आता मराठीकडे वळावे. ‘सेट’चे प्रतिशब्द शोधू लागले की एक क्रियापद पुनःपुन्हा पुढे येते : लावणे. आग लावणे, गजर लावणे, फास लावणे, रोप लावणे, शस्त्राला धार लावणे, गीताला चाल लावणे, माणसाला कामाला लावणे. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालते. वस्तराची धार नीट करणे यालाही जुन्या इंग्रजी कारागिरांच्या बोलीत ‘सेट’ हेच क्रियापद आहे. साम्य इतके की हा ‘सेट’चा मराठी अवतारच की काय असे वाटावे. तथापि थोडे पुढे गेले की वाटा फुटतात. दिवा लावणे, दार लावणे, लग्न लावणे, शिकवणी लावणे, हजेरी लावणे, नाव लावणे, बोल लावणे, छडा लावणे, वशिला लावणे, वेड लावणे, जीव लावणे, अर्थ लावणे, आणि शेवटी वाट लावणे : यांपैकी एकाही ठिकाणी ‘सेट’चा पाड लागत नाही. उलट तारीख, किंमत, मर्यादा, नियम हे सारे इंग्रजीत ‘सेट’ केले जाते; मराठी ते ठरवते, नेमते, घालून देते. प्रश्नपत्रिका मराठीत काढली जाते, पायंडा पाडला जातो, ताटे मांडली जातात.

हा भेद यदृच्छेचा नाही. ‘सेट’च्या मुळाशी स्थैर्याची कल्पना आहे : वस्तू बसली, आता ती हलणार नाही. म्हणून मावळणारा सूर्य, घट्ट होणारे सिमेंट आणि ठरलेली किंमत ही तिन्ही त्या क्रियापदाच्या छत्राखाली येतात. ‘लावणे’ हे आजच्या मराठीत ‘लागणे’ची प्रयोजक बाजू सांभाळते. ‘लागणे’च्या मुळाशी ‘लग्’ म्हणजे चिकटणे, भिडणे ही कल्पना आहे. ‘लग्न’ हे त्याच धातूचे भूतकालवाचक विशेषण. येथे मूळ भाव संपर्काचा आहे, स्थैर्याचा नव्हे. एक वस्तू दुसरीला भिडवली की दार चौकटीला भिडते, ज्योत वातीला भिडते, जीव माणसाला भिडतो आणि अर्थ शब्दाला. भावनेचे आणि नात्याचे प्रयोग मराठीत ‘लावणे’कडे का गेले आणि कायदा व व्यवहार यांचे प्रयोग इंग्रजीत ‘सेट’कडे का गेले, याचा बराचसा उलगडा यातून होतो. जेथे स्थैर्यच अभिप्रेत असते तेथे मराठी ‘लावणे’ सोडून थेट ‘बसवणे’कडे जाते, आणि तेथे ‘सेट’शी तिचे आश्चर्यकारक एकमत होते : हाड बसवणे, कोंदणात हिरा बसवणे, अंड्यांवर कोंबडी बसवणे. या शेवटच्या प्रयोगात तर इंग्रजी शेतकरी आणि मराठी शेतकरी यांनी मूळ धात्वर्थ तसाच्या तसा जपलेला दिसतो.

‘लावणे’ची अंतर्गत गुंतागुंत ‘सेट’हून कमी मानण्याचे कारण नाही. सुताराने दार लावले म्हणजे ते चौकटीत बसवले. घरधन्याने दार लावले म्हणजे ते मिटले. कोकणातील शेतात भात लावला म्हणजे चिखलात रोपांची लागवड केली. त्याच घराच्या स्वयंपाकघरात भात लावला म्हणजे तांदूळ शिजत ठेवले. एखाद्या ग्रामीण कथेत ‘तिने भात लावला’ एवढेच वाक्य आले, तर ती चुलीपाशी आहे की गुडघाभर पाण्यात, हे अनुवादकाला मागच्यापुढच्या परिच्छेदांवरूनच ठरवावे लागते; दोन्ही कामे एकाच दिवशी एकाच बाईच्या वाट्याला येतात, ही आणखी पंचाईत. ‘दही छान लागले’ हे वाक्यही घट्टपणाविषयी आहे की चवीविषयी, हे वाटी हातात असल्याशिवाय कळत नाही.

हिंदी आणि बंगाली यांच्या अभ्यासकांना यात आपलीच भाषा ओळखू येईल. हिंदीतील ‘लगाना’ ताला, बाग, दाँव, अनुमान या सर्वांना पुरते. बंगालीतील ‘लागानो’ झाडालाही चालते आणि एखादी वस्तू उपयोगात आणण्यालाही. पण सीमारेषा जुळत नाहीत. हिंदीत ‘खाना लगाना’ आहे आणि तो ‘सेट’च्या इंग्रजी प्रयोगाशी बरोबर जुळतो, मराठी मात्र पाने मांडते. मराठी दिवा लावते, हिंदी दीया जलाती है. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियाला एक भाषिक क्षेत्र ठरवताना प्रयोजक क्रियापदांची रचना हा एक निकष घेतला होता. बसणे–बसवणे, लागणे–लावणे अशी जोडी आपल्याकडे जिवंत आहे आणि बोलणारा ती सहज ओळखतो. इंग्रजीत ‘सिट’–‘सेट’, ‘लाय’–‘ले’, ‘फॉल’–‘फेल’ अशा मोजक्या जोड्या अश्मीभूत होऊन उरल्या; त्यांतील नाते आज बोलणाऱ्याला जाणवत नाही, आणि नाते तुटल्यामुळेच ‘सेट’ मोकळा होऊन दूरवर भटकला.

नामाची कथा थोडक्यात सांगता येते. गणितातील ‘सेट’साठी मराठीने ‘संच’ आणि हिंदीने ‘समुच्चय’ स्वीकारला. दोन्ही ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूचे. ग्रंथखंडांनाही ‘संच’ चालतो. रंगभूमीवरील ‘सेट’साठी मराठीने ‘नेपथ्य’ घेतला, जो संस्कृतात पडद्यामागील जागेचा आणि वेषभूषेचा वाचक होता. पडद्यामागचा शब्द मराठीने पडद्यापुढे आणला. टेनिसचा आणि चित्रपटाचा सेट मात्र तसाच राहिला.

उसन्या आलेल्या ‘सेट’चे मराठीतील आयुष्य पाहण्यासारखे आहे. मूळचे क्रियापद येथे आले की त्याला क्रियापद म्हणून प्रवेश मिळत नाही. ते नामाच्या जागी बसते आणि ‘करणे’ किंवा ‘होणे’ त्याचा भार वाहते. केस सेट करणे, गजर सेट करणे, नोकरीत सेट होणे. ४३० अर्थांपैकी जेमतेम आठ-दहा अर्थ या वाटेने आले असतील. अव्ययांचा परिवार तर सीमेवरच राहिला. ‘गजर लावला’ याऐवजी ‘अलार्म सेट केला’ म्हटल्याने मराठीत नवा अर्थ आलेला नाही, फक्त ‘लावणे’चा एक जुना प्रयोग मागे सरला आहे, आणि हे शहरी बोलीत झपाट्याने घडत आहे. एका ठिकाणी मात्र मराठीने उलट डाव टाकला. गुपचूप केलेल्या संगनमतासाठी मराठी आणि हिंदी बोलींनी ‘सेटिंग’ हा शब्द रुजवला, जो अर्थ इंग्लंडमधील वाचकाला सहसा उमगणार नाही. आणि मराठी बोलणारा ही सेटिंग करतो तशीच ‘लावतो’देखील.