पैशाची किंमत कोणी ठरवायची?

व्याजदर ही बाजारातली एक किंमतच आहे, असे ऑस्ट्रियन परंपरेतले अर्थतज्ज्ञ मानतात. लोकांची बचत आणि उद्योगांची भांडवलाची गरज यांचा मेळ ती घालते. मध्यवर्ती बँकेने ती कृत्रिमरीत्या खाली ठेवली, तर बचत न वाढताच कर्जे वाढतात आणि एरवी न परवडणाऱ्या प्रकल्पांत पैसा अडकतो. तेजी येते खरी, पण टिकत नाही. लुडविग फॉन मिझेस आणि फ्रीडरिख हायेक यांच्या या सिद्धान्तासाठी अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, जून २००३ मध्ये आपला दर १ टक्क्यावर आणला आणि वर्षभर तिथेच ठेवला. गृहकर्जे स्वस्त झाली, घरांच्या किमती चढल्या, ऐपत नसलेल्यांनाही कर्जे मिळाली. जून २००६ पर्यंत दर ५.२५ टक्क्यांवर गेला आणि बदलत्या व्याजाचे हप्ते अनेकांना झेपेनासे झाले.

मिल्टन फ्रीडमन हेही मुक्त बाजाराचेच कैवारी, पण १९२९ नंतरच्या महामंदीचे त्यांचे निदान निराळे. ॲना श्वार्ट्झ यांच्यासह १९६३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की १९२९ ते १९३३ दरम्यान अमेरिकेतला पैशाचा पुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि फेडरल रिझर्व्हने तो आटू दिला. पुरवठा दरवर्षी ठरावीक गतीने वाढवावा, अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यांचा उपाय. हायेक तर १९७६ मध्ये चलनावरची सरकारी मक्तेदारीच मोडायला निघाले. फ्रीडमन यांचा नियम मात्र व्यवहारात टिकला नाही. १९८० च्या दशकात पैसा फिरण्याचा वेग बेभरवशाचा ठरला आणि फेडरल रिझर्व्हने पुरवठ्याची लक्ष्ये हळूहळू सोडून दिली.