हस्तकला-पुस्तकांच्या वैयक्तिक संग्रहाची संगणकीय सूची : रचना व स्थानिक संदर्भ

सारांश :
हस्तकलेच्या पुस्तकांची यादी बहुधा शीर्षकवार केली जाते. प्रत्यक्षात कारागिराला पुस्तक नव्हे, तर त्यातील विशिष्ट नमुना हवा असतो. म्हणून सूचीत पुस्तक आणि नमुना या दोहोंची स्वतंत्र पण परस्परांशी जोडलेली नोंद असावी, तसेच स्थानिक संज्ञांना हक्काचे स्थान मिळावे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : हस्तकला, ग्रंथसूची, डेटाबेस, युनिकोड, यवतमाळ जिल्हा.

1. प्रस्तावना :
शिवण, भरतकाम, विणकाम, क्रोशे, रांगोळी, बांबूकाम या विषयांवरील पुस्तके मराठी घरांत जपली गेली; तथापि त्यांना 'ग्रंथ' म्हणून प्रतिष्ठा क्वचितच लाभली. पातळ पुस्तिका, मासिकांतील सुटी पाने, घडीचे आलेख नात्यागोत्यांत फिरतात आणि बरेचदा परत येत नाहीत. ज्याची नोंद नाही, ते कधी होते हेही पुढे सांगता येत नाही. मराठीत पद्धतशीर नोंदीची परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन भागांत 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 या कालखंडांतील पुस्तके नोंदविली आहेत. हीच शिस्त घरगुती कपाटापर्यंत नेणे आज संगणकामुळे सहज शक्य आहे. गृहअर्थशास्त्राचे अध्यापक, शिवणवर्ग चालविणाऱ्या महिला आणि अभ्यासक या सर्वांना ती उपयुक्त ठरेल.

2. प्रचलित वर्गीकरणाची मर्यादा :
1876 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्युई दशांश पद्धतीत शिवणकाम 646 या अंकाखाली, म्हणजे तंत्रविज्ञानात येते. विणकाम व क्रोशे 746.43 आणि भरतकाम 746.44 या अंकांखाली, म्हणजे कला वर्गात येतात. पोलके शिवणे आणि त्याच पोलक्यावर भरतकाम करणे ही एकाच हातची कामे असली, तरी त्यांची पुस्तके दोन कपाटांत विभागली जातात. पुस्तक एका वेळी एकाच जागी ठेवता येते, हे त्यामागील कारण होय. डेटाबेसमधील नोंदीला हे बंधन नाही. एकच पुस्तक अनेक विषयांखाली दाखविता येते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याचा आहे. नमुना कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पृष्ठावर आहे हे सूचीच सांगू लागली, तर तो नियम खऱ्या अर्थाने पाळला जातो.

3. डेटाबेसची रचना :
माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची संकल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. तिच्या आधारे पुढील चार तक्ते पुरेसे ठरतात.

अ) पुस्तक : दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, भाषा आणि कपाटातील जागा. जुन्या पुस्तकांवर आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक नसतो. 2007 पूर्वी तो दहा अंकी होता, नंतर तेरा अंकी झाला. म्हणून ओळखीसाठी आपलाच दाखल क्रमांक वापरावा.

आ) नमुना : नाव, पृष्ठ, तयार होणारी वस्तू, साहित्य, मापे, आलेखाची उपलब्धता.

इ) तंत्र : टाका, विणीचा प्रकार इत्यादी. एका नमुन्यात अनेक तंत्रे आणि एका तंत्राचे अनेक नमुने असल्याने या दोहोंमध्ये जोड-तक्ता आवश्यक असतो.

ई) देवघेव : पुस्तक कोणाकडे, कधी गेले आणि कधी परत आले.

नमुन्याच्या तक्त्यात 'संज्ञापद्धती' हा रकाना अवश्य ठेवावा. विणकामाच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत सुईचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, तर अमेरिकन पद्धतीत ती जाड होते. 4 मिलिमीटरची सुई पहिल्या पद्धतीत 8 क्रमांकाची, तर दुसरीत 6 क्रमांकाची असते. क्रोशेमध्ये अमेरिकन पुस्तकातील 'डबल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश पुस्तकातील 'ट्रेबल क्रोशे' होय. हा भेद नोंदविला नाही, तर सूचीतून नमुना सापडूनही वस्तूचे माप चुकते.

4. मराठी नोंदींतील विशेष अडचणी :
जुन्या पुस्तकांवर शके छापलेला आढळतो. शकात 78 मिळविल्यास इसवी सन येतो. मात्र जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळासाठी 79 मिळवावे लागतात. त्यामुळे मूळ शक आणि सन असे दोन रकाने असावेत. लेखिकांच्या नावांमागील सौ., कु., श्रीमती ही उपपदे वेगळ्या रकान्यात घ्यावीत. अन्यथा नावांचा अकारविल्हे क्रम बिघडतो. विवाहानंतर नाव बदलले असल्यास दोन्ही नावे एकाच लेखिकेशी जोडावीत.

लिपीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. 'ॲप्लिक' या शब्दातील 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान 2008 मध्ये मिळाले. त्यापूर्वी ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिले जाई. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधात संगणक त्यांना भिन्न मानू शकतो. एकच रूप ठरवून सर्व नोंदी त्यानुसार कराव्यात. युनिकोडपूर्व फाँटमधील याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात.

5. यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ :
सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा परिसरातील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या फेटिया, कांचळी आणि टुकरीवर आरसे, कवड्या व रंगीत धाग्यांचे काम आढळते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागातील कोलाम समाज बांबूच्या टोपल्या व तट्टे विणतो. हे ज्ञान प्रामुख्याने हातातून हातात गेले आहे. इंग्रजी पुस्तकात 'मिरर वर्क' म्हणून येणाऱ्या कामाला गोरमाटी बोलीत स्वतःचे शब्द आहेत. म्हणून 'संज्ञा' हा पाचवा तक्ता जोडून त्यात बोलीतील नाव, गाव, सांगणाऱ्या व्यक्तीची संमती आणि नोंदीची तारीख लिहावी व ती नोंद संबंधित तंत्राशी जोडावी.

असे केल्यावर एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. काही तंत्रांपुढे पुस्तकाचा रकाना रिकामाच राहतो. हे रिकामेपण सूचीतील उणीव मानू नये. ती नोंद आपल्या संग्रहाची मर्यादा तर दाखवितेच. शिवाय मोठ्या ग्रंथालयांत शोधूनही ती रिकामीच राहिली, तर कोणत्या कलेचे लेखन अद्याप व्हायचे आहे याची ती खूण ठरते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी विषय येथूनच मिळू शकतात.

6. निष्कर्ष :
वैयक्तिक संग्रहासाठी लिबरऑफिस बेससारखी विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. प्रारंभी वीस पुस्तकांची नोंद करून रकाने तपासावेत आणि मगच संपूर्ण संग्रह हाती घ्यावा. प्रणाली कालांतराने बदलतात. म्हणून सर्व तक्त्यांची प्रत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आणि एक छापील प्रत कागदावर ठेवावी. पुस्तक, नमुना, तंत्र आणि बोलीतील संज्ञा यांची परस्पर जोडणी केल्यास घरातील एक कपाटही जिल्ह्याच्या कलापरंपरेच्या अभ्यासाचे विश्वसनीय साधन होऊ शकते.