लॅबमध्ये मावणारं 9000 किलोमीटर

नागावच्या किनाऱ्यावरून तुम्ही लंडनला व्हिडिओ कॉल लावलात, तर तो साधारणपणे मोबाइल टॉवरवरून मुंबईला आणि पुढे समुद्राखालच्या केबलमधून जातो. एकदा तळाशी टाकलेली केबल बिघडली, की दुरुस्तीला जहाजच लागतं. मग ती आधी तपासायची कशी?

काचेच्या बारीक तंतूत, म्हणजे फायबरमध्ये, साधारण 50 किलोमीटरमध्ये 90 टक्के प्रकाश वाया जातो. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवतात. पण प्रत्येक ॲम्प्लिफायर सिग्नल वाढवताना थोडा नॉइजही घालतो. तो साठत जातो आणि शेवटी 1 कुठला, 0 कुठला, हेच कळेनासं होतं.

यावर युक्ती अशी. समजा, लॅबमध्ये 100 किलोमीटर फायबर रिळांवर गुंडाळलंय, मध्ये ॲम्प्लिफायर आहेत. सिग्नल आत सोडायचा, प्रकाशाच्या स्विचने वाट बंद करायची आणि त्याला गोल फिरू द्यायचं, वाडीतल्या रहाटासारखं. 90 फेऱ्या झाल्या की 9000 किलोमीटर! वेळ? जेमतेम 45 मिलिसेकंद. मग त्या फेरीत किती बिट चुकले, ते मोजायचं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या नील बर्गानो आणि सहकाऱ्यांनी असाच 9000 किलोमीटरचा प्रयोग मांडला.

एक मेख आहे बरं का! इथे तेच फायबर पुन्हा पुन्हा येतं, खऱ्या केबलचा प्रत्येक तुकडा थोडा वेगळा असतो. म्हणून केबल टाकल्यावरही तपासणी होतेच.