गॉडझिलाचा पूर्वज आणि नेकनूरचा काळा दगड

आज नेकनूरला आपण गॉडझिलाची कुळकथा तपासू. असा प्राणी कधी होता का? आणि असता, तर आपल्या रानात विहीर खोदताना त्याची हाडं निघाली असती का?

१९५४च्या मूळ जपानी चित्रपटात डॉ. यामाने हे जीवाश्मतज्ज्ञ सांगतात, की हा ज्युरासिक काळातला, पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांमधला जीव. त्याच्या पावलाच्या ठशात ट्रायलोबाइटही सापडतो. आता हिशेब मांडू. यामाने काळ सांगतात वीस लाख वर्षांपूर्वीचा. खरं तर ज्युरासिक संपून साडेचौदा कोटी वर्षं झाली, आणि ट्रायलोबाइट पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच संपले. आजा, बाप नि नातू एकाच पाळण्यात घातल्यासारखं झालं!

खरा पूर्वज असा सापडत नाही. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, त्यांना गाळ लागतो. म्हणून डायनासोरसाठी चंद्रपूर जिल्हा गाठावा लागतो. तिथं डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्यावरून १९९७ साली नवी जात नोंदली गेली. आज तिला इसिसॉरस म्हणतात. शेजारच्या पिसदुऱ्याला तर दगड झालेलं शेण मिळतं. त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले आणि २००५ साली कळलं, की डायनासोरच्या काळातही गवत होतं. एका शेणाच्या गोळ्यानं एवढं सांगितलं!

मग गॉडझिलाचा पूर्वज कोण? त्यासाठी खोदायची गरज नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर तेवीस जण होते, सगळे आजारी पडले. सप्टेंबरात त्यांच्यातले रेडिओ सांभाळणारे कुबोयामा दगावले. नोव्हेंबरात चित्रपट पडद्यावर आला. पाहणाऱ्यांना ती राख आठवत होती, हिरोशिमा आणि नागासाकीही आठवत होते.

म्हणजे ज्युरासिक हा केवळ पोशाख. या राक्षसाचं वय कोटी वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजायचं: मार्च ते नोव्हेंबर. इसिसॉरसला निसर्गानं घडवलं, याला आपण माणसांनी. म्हणून त्याची भीती अजून जुनी झालेली नाही.