खेकड्याच्या पायातला पंप

तुम्ही निवांत पडून हे वाचत असलात, तरी तुमच्या पेशी राबतायत. प्रत्येक पेशीच्या पडद्यात बसलेले अतिसूक्ष्म पंप सोडियम बाहेर ढकलतात, पोटॅशियम आत ओढतात. हिशेब ठरलेला: सोडियमचे तीन आयन बाहेर, पोटॅशियमचे दोन आत, खर्च पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू. शरीर विश्रांती घेत असताना लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या एका कामावर जातो. मेंदूत तर त्याहूनही जास्त!

हा पंप म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, हे ज्यांनी दाखवलं ते येन्स ख्रिश्चन स्काउ खरं तर सर्जन व्हायला निघाले होते. जन्म १९१८ चा, डेन्मार्कमधल्या लेमविगचा. शस्त्रक्रियेआधी दिलेल्या इंजेक्शनने तेवढाच भाग बधिर होतो, तो कसा, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यावर प्रबंध लिहायचा आणि पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळायचं, असं ठरवून १९४७ मध्ये ते ऑरहूस विद्यापीठात आले. परत गेलेच नाहीत.

१९५३ चा उन्हाळा त्यांनी अमेरिकेतल्या वुड्स होल इथे काढला. तिथे प्रयोगांसाठी स्क्विडचे जाडजूड मज्जातंतू मिळत. त्या तंतूंच्या आवरणात एटीपी फोडणारं एक एन्झाइम असतं, हे त्यांच्या वाचनात आलं. पण घरी परतल्यावर स्क्विड आणायचा कुठून? मग खेकडे! ऑरहूसच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा एक मच्छीमार ते पुरवू लागला आणि प्रयोगशाळेत खेकड्यांच्या पायांतून बारीक नसा ओढून काढणं सुरू झालं.

त्या नसांतलं एन्झाइम नुसतं पोटॅशियम दिलं तर ढिम्म. सोडियम दिलं की थोडं जागं होई. दोन्ही एकत्र मिळाले की मात्र जोरात कामाला लागे. सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारं यंत्र असंच वागायला हवं. तरीही १९५७ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकात स्काउंनी ही ने-आण येऊच दिली नाही. तसा दावा शीर्षकात करणं त्यांना फार धाडसाचं वाटलं. मला हा संकोच फार मोलाचा वाटतो, कारण निबंधाच्या आत पुरावा भक्कम होता.

पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या परिषदेत त्यांची गाठ पडली रॉबर्ट पोस्ट यांच्याशी. पोस्ट तांबड्या रक्तपेशींतल्या पंपावर काम करत होते. त्यांनी विचारलं, तुमचं एन्झाइम वाबेनने बंद पडतं का? स्काउंना वाबेन हे काय प्रकरण आहे तेच ठाऊक नव्हतं! पूर्व आफ्रिकेत बाणांना लावायचं विष ज्या झाडांपासून करत, त्यांतला हा पदार्थ, आणि तो पंप थांबवतो हे आधीच माहीत झालेलं होतं. स्काउंनी तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. करून पाहिलं, एन्झाइम बंद पडलं. संशय फिटला.

वाबेनचंच भावंड म्हणजे हृदयरुग्णांना दिलं जाणारं डिगॉक्सिन. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिसच्या झाडाचे औषधी गुण पुस्तकात मांडले. पण हे औषध हृदयाच्या पेशींतला पंप थोडा रोखतं, मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि आकुंचन जोरदार होतं, हा उलगडा स्काउंच्या शोधामुळे झाला.

जुलाब झाल्यावर आपण पाजतो ती जलसंजीवनीही याच पंपाच्या भरवशावर चालते. पंप आतड्याच्या पेशीतलं सोडियम सतत उपसत राहतो, म्हणून ग्लुकोजच्या सोबतीने नवं सोडियम आत शिरतं, आणि त्यामागोमाग पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोलची गोळी जो पंप रोखते, तो जठरातला पंपही याच कुटुंबातला.

रसायनशास्त्राचं नोबेल आलं १९९७ मध्ये, त्या निबंधानंतर चाळीस वर्षांनी. अर्धा वाटा स्काउंचा, उरलेला पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांचा. त्या दोघांनी एटीपी तयार कसं होतं ते उलगडलं होतं. स्काउ तेव्हा ७९ वर्षांचे होते. १९८८ मध्ये निवृत्त झाल्यावर पंपाची गणिती प्रतिरूपं मांडता यावीत म्हणून ते चक्क संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकले होते. २००७ मध्ये डुकराच्या मूत्रपिंडातल्या पंपाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तीही ऑरहूसच्याच संशोधकांनी उलगडलेली. ती पाहायला स्काउ होते. २०१८ मध्ये, शंभरी अवघ्या काही महिन्यांवर असताना, ते गेले.