चाळणी आणि धान्य

खडे काढण्यासाठी घेतलेल्या चाळणीतून धान्यही जाऊ लागले, तर दोष धान्याचा नसतो. चाळणीची भोके तपासावी लागतात. अमेरिकेतील शाळांत इंटरनेटला लावलेल्या चाळणीविषयी, म्हणजेच फिल्टरविषयी, हाच प्रश्न गेली दोन दशके विचारला जात आहे.

प्रथम कायदा पाहू. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून तेथे शाळा व ग्रंथालये यांच्यासाठी 'ई-रेट' ही सवलतीची योजना उभी राहिली. शाळेतील मुले जितकी गरीब, तितकी सवलत अधिक. ती २० पासून ९० टक्क्यांपर्यंत असते. पुढे डिसेंबर २००० मध्ये बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला व इंटरनेट-जोडणीच्या सवलतीला एक अट जोडली गेली. अश्लील आणि बालकांना अपायकारक अशी चित्रे अडवणारी यंत्रणा शाळेने बसवलीच पाहिजे, ही ती अट होय. ग्रंथालयांनी या कायद्याला आव्हान दिले. परंतु २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायदा बोलतो तो चित्रांविषयी. अमुक संकेतस्थळ बंद करा, असे तो सांगत नाही. फेसबुकसारखी स्थळे केवळ तेवढ्यावरून अपायकारक ठरत नाहीत, असे तेथील दूरसंचार आयोगाने २०११ मध्ये स्पष्टही केले. मग चाळणी इतकी बारीक का होते?

याचे एक कारण यंत्राच्या स्वभावात आहे. यंत्र अर्थ जाणत नाही, अक्षरे जुळवते. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना 'एओएल'वर नोंदणी करता येईना, कारण गावाच्या नावातच एक अशिष्ट शब्द दडलेला होता! पुढे शब्दांऐवजी स्थळांचे वर्ग पाडले जाऊ लागले. पण वर्ग पाडणाऱ्याची मतेही त्यात उतरतात. मिसुरी राज्यातील कॅम्डन्टन येथील शाळांत समलिंगी व्यक्तींना आधार देणारी स्थळे बंद होती, तर त्यांची निंदा करणारी काही स्थळे खुली होती. २०१२ मध्ये न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. शिवाय आज बहुतेक स्थळांचा मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करतो. तो उलगडून पाहण्याची सोय नसेल, तर फिल्टरला स्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. साहजिकच यूट्यूबवरील एक आक्षेपार्ह चित्रफीत टाळण्यासाठी सगळे यूट्यूबच बंद होते.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. सवलत हातची जाईल, पालक तक्रार करतील, या भीतीने शाळा गरजेपेक्षा अधिक अडवतात. शिक्षकाने रात्री घरी निवडलेली हृदयाच्या कार्याची चित्रफीत सकाळी वर्गात उघडत नाही. ती उघडून मिळावी म्हणून अर्ज करावा, तर उत्तर येईपर्यंत धडा संपलेला असतो. असे दोन-चार वेळा घडले की शिक्षक नवे काही शोधण्याचे सोडून देतो.

यात खरा तोटा कोणाचा? ज्याच्या घरी इंटरनेट आहे तो विद्यार्थी संध्याकाळी तेच पान पाहतो. ज्याच्या घरी नाही, त्याचे जग शाळेच्या चाळणीतून येईल तेवढेच. म्हणजे जी सवलत गरिबासाठी आली, तिच्या अटीचा जाच गरिबालाच अधिक होतो.

लहान मुलांना संरक्षण नको, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु सहा वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा विद्यार्थी यांना एकच चाळणी कशी चालेल? वयानुसार निर्बंध कमी-अधिक करणे, आपल्या वर्गापुरते स्थळ उघडण्याचा अधिकार शिक्षकाला देणे, बंद स्थळाबाबतच्या अर्जाचा निकाल लगेच लावणे, हे उपाय अवघड नाहीत. २००८ च्या आणखी एका कायद्याने इंटरनेटवर कसे वागावे हे मुलांना शिकवण्याची जबाबदारीही या शाळांवर टाकली आहे. काठावर उभे करून पोहणे शिकवता येत नाही. त्यासाठी शिक्षकाने मुलांबरोबर पाण्यात उतरायला हवे आणि शाळेने त्याला उतरू द्यायला हवे.