प्रकाश आणि रेणू : लेखांक सातवा — दोघांमिळून एक वर्णपट

आयोडीनच्या बाष्पाचा जांभळा रंग कशामुळे येतो, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. तेच आयोडीन कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळविले असता रंग जांभळाच राहतो. बेंझीनमध्ये मात्र तो तांबूस होतो आणि अल्कोहोलमध्ये तपकिरी. हा भेद रसायनज्ञांच्या परिचयाचा होता. परंतु त्याचा समाधानकारक उलगडा होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

1949 साली बर्कले येथे बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांनी बेंझीन व आयोडीन यांच्या मिश्र द्रावणाचा वर्णपट अतिनील भागापर्यंत तपासला, तेव्हा 297 नॅनोमीटरच्या आसपास त्यांना एक अतिशय तीव्र शोषणपट्ट आढळला, आणि विशेष हे की, एकट्या बेंझीनच्या किंवा एकट्या आयोडीनच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती. बेंझीनचे प्रमाण पायरीपायरीने वाढवीत त्यांनी शोषण मोजले, दोहोंच्या व्यस्तांकांचा आलेख मांडला, आणि तो सरळ रेषेत आला. ही रेषा म्हणजे एका बेंझीन-रेणूशी एका आयोडीन-रेणूची जोडी जमत असल्याचा सबळ पुरावा होय. मात्र अशा आलेखातून जोडीची स्थिरता आणि तिची शोषणशक्ती यांचा गुणाकार जितक्या खात्रीने हाती येतो, तितक्या खात्रीने ती दोन्ही पृथक् होत नाहीत, याची जाणीव अभ्यासकाने सदैव बाळगली पाहिजे.

या पट्टाची मीमांसा शिकागोच्या रॉबर्ट मलिकन यांनी पुढील दोनतीन वर्षांत केली. सामान्य कार्बन-कार्बन बंध तोडण्यास मोलामागे ऐंशीहून अधिक किलोकॅलरी लागतात, तर ही जोडी अवघ्या दीड किलोकॅलरीच्या सुमारास बांधलेली असते आणि द्रावणात सतत जुळत व मोडत राहते. परंतु ती जुळलेली असताना योग्य प्रकाशकण आला, तर बेंझीनचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे जातो, आणि हेच प्रभार-संक्रमण होय. त्याचा हिशेब स्वच्छ आहे. बेंझीनमधून इलेक्ट्रॉन काढण्यास 9.24 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पण 297 नॅनोमीटरचा प्रकाशकण जेमतेम 4.2 पुरवितो, उरलेली तूट मुख्यत्वे आयोडीनची इलेक्ट्रॉन-आसक्ती आणि विरुद्ध प्रभारांचे परस्पर आकर्षण भरून काढतात. मेसिटिलीनमधून इलेक्ट्रॉन काढण्यास 8.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, म्हणून त्याच्या जोडीचा पट्ट 332 नॅनोमीटरकडे सरकतो.

तथापि हे पट्ट अतिनील भागात असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याला दिसणारा तांबूसपणा हा आयोडीनचा स्वतःचा 520 नॅनोमीटरचा पट्ट 500 कडे सरकल्याचा परिणाम आहे. बंध दुर्बल आहे म्हणून त्याची प्रकाशीय साक्षही दुर्बल असावी, हा समज वरील पुराव्यापुढे टिकत नाही, आणि या प्रकरणाचे खरे महत्त्व माझ्या मते येथेच आहे. पुढील लेखांकी आपण टेट्रासायानोएथिलीन या अधिक प्रबळ ग्राहकाकडे वळू. बेंझीनबरोबर तो पिवळा, तर हेक्सामिथिलबेंझीनबरोबर जांभळा रंग देतो, आणि तेथे हाच हिशेब वाचकांना उघड्या डोळ्यांनी पडताळून पाहता येईल.